औषध नव्हते तेव्हा: न्यूयॉर्कने क्षयाचा पत्ता कसा शोधला

१८९४ नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये औषधांच्या अनेक दुकानांत काढ्यांच्या बरण्यांशेजारी एक वेगळीच वस्तू ठेवलेली असे. रुंद तोंडाची, घट्ट बुचाची छोटी बाटली आणि तिच्यासोबत एक छापील कागद. खोकणाऱ्या रोग्याचा बेडका त्या बाटलीत घ्यायचा, डॉक्टरने कागदावर रोग्याचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता भरायचा आणि बाटली दुकानात आणून द्यायची. आरोग्य खात्याचा माणूस दिवसभरात जमलेल्या बाटल्या उचलून प्रयोगशाळेत नेई. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधले जात आणि निकाल डॉक्टरला कळवला जाई. या सगळ्याचा एक पैसाही कोणाला पडत नसे.

एवढी उदारता नगरपालिकेला परवडणारी नव्हती, असे वरवर वाटेल. पण व्यवहार चोख होता. डॉक्टरला पक्के निदान मिळे आणि खात्याला त्या कागदावरचा पत्ता मिळे. क्षयावर एकही गुणकारी औषध हाताशी नसताना एका महानगराने त्याच्याशी पन्नास वर्षे जी झुंज दिली, तिचे मुख्य हत्यार हा पत्ताच होता. रोगी कोण, तो कुठल्या रस्त्यावर, कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत झोपतो आणि त्याच्याशेजारी कोण झोपते, हे शोधून काढण्याचा हा उद्योग होता. त्यात थक्क करणारी कल्पकता होती, काही ठार चुकीच्या समजुती होत्या आणि गरिबांवर केलेली जबरदस्तीही होती.

त्या काळी क्षय म्हणजे काय होते, याची कल्पना आज करणे अवघड आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. माणसांच्या दर सात मृत्यूंपैकी एक या रोगाने होतो, असा हिशेब त्यांनी मांडला होता. तोपर्यंत बहुतेक डॉक्टर क्षय घराण्यात असतो, रक्तातून उतरतो, नाजूक प्रकृतीच्या माणसाला धरतो असेच मानत. उपचार म्हणून कॉड माशाचे तेल, क्रिओसोट, विश्रांती, दूध-अंडी आणि ऐपत असेल तर डोंगरातली हवा. १८९० मध्ये खुद्द कॉख यांनी ट्युबरक्युलिन हा उपाय शोधल्याचे सांगितले, तेव्हा जगभरातून रोगी बर्लिनला धावले. थोड्याच महिन्यांत तो उपाय फोल ठरला. निदानाच्या चाचणीसाठी मात्र तो पुढे टिकला.

मराठी वाचकाला हा काळ आनंदीबाई जोशी यांच्यामुळे ओळखीचा आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघालेल्या आनंदीबाई क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. जंतू सापडून पाच वर्षे होत आली होती, पण त्या शोधाचा रोग्याला काडीचा उपयोग नव्हता. शत्रूचे नाव कळले होते, इतकेच.

त्या नावाचा उपयोग रोग्याला नसला तरी शहराला होऊ शकतो, हे ओळखणाऱ्या मोजक्या माणसांपैकी हर्मन बिग्ज हे एक. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहान गावात १८५९ मध्ये जन्मलेले बिग्ज बेलव्ह्यू रुग्णालयाशी संबंधित डॉक्टर होते. १८८९ मध्ये त्यांनी मिचेल प्रुडन आणि एच. पी. लूमिस या सहकाऱ्यांबरोबर शहराच्या आरोग्य खात्याला एक छोटा अहवाल दिला. क्षय आनुवंशिक नाही, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि म्हणूनच टाळता येतो, हे त्याचे सार. खात्याने शहरातल्या डॉक्टरांची मते मागवली, तर बहुतेकांनी नाके मुरडली. लोकांना घाबरवू नका, रोग्यांना वाळीत टाकले जाईल, असा सूर होता. खात्याने मग सावध पवित्रा घेतला आणि नुसती पत्रके छापून वाटली. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत बऱ्याच लोकांना इंग्रजी येत नसल्याने ती अनेक भाषांत काढावी लागली.

पुढचे पाऊल पडले ते कॉलऱ्याच्या भीतीने. १८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याने थैमान घातले आणि तिकडून निघालेली जहाजे न्यूयॉर्कच्या बंदरात येऊन लागली. घाबरलेल्या शहराने घाईघाईने जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि ती बिग्ज यांच्या हाती दिली. कॉलरा आला तसा टळला, प्रयोगशाळा मात्र राहिली. सरकारी खात्यात एकदा उघडलेले दालन सहसा बंद होत नाही. इथे ते शहराच्या पथ्यावर पडले. घटसर्पाच्या तपासणीसाठी औषधांच्या दुकानांत नमुने ठेवण्याची पद्धत आधी बसवली गेली आणि तीच मग क्षयाला लावली.

बिग्ज नुसते प्रयोगशाळेतले विद्वान नव्हते. शहराचे राजकारण तेव्हा टॅमनी हॉल या बदनाम टोळक्याच्या मुठीत होते आणि त्या पुढाऱ्यांशी बिग्ज यांनी सख्य राखले होते. सुधारक मंडळींना ते खटकत असे. पण निधी आणि नियम हे दोन्ही ज्यांच्या सहीने निघतात, त्यांच्याशी बोलल्यावाचून आरोग्य खाते चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सार्वजनिक आरोग्य पैसे मोजून विकत घेता येते, आपल्यात किती मृत्यू व्हावेत हे बऱ्याच अंशी समाजच ठरवतो, ही त्यांची भूमिका पुढे जगभर गाजली.

१८९४ मध्ये खात्याने ठरवले की रुग्णालये आणि इतर संस्थांनी क्षयाचा प्रत्येक रोगी कळवलाच पाहिजे. खासगी डॉक्टरांना तशी विनंती करण्यात आली. १८९७ मध्ये विनंतीचा हुकूम झाला. आता प्रत्येक डॉक्टरवर नोंद करण्याचे बंधन आले आणि वादळ उठले. वैद्यकीय संघटनांनी ठराव केले. खात्याचे अधिकार छाटावेत म्हणून राज्याच्या विधिमंडळापर्यंत धाव घेतली गेली. रोग्याचे गुपित सरकारला का सांगायचे, हा त्यांचा उघड मुद्दा होता. उघड न बोललेला मुद्दा असा की सरकारी माणूस घरी गेला की रोगी हातचा जाईल. रोग्यांची अडचण आणखी वेगळी. क्षय असल्याचे सिद्ध झाले तर आयुर्विम्याची रक्कम बुडू शकत असे, नोकरी जाई, घरमालक बाहेर काढी. त्यामुळे कितीतरी दाखल्यांवर क्षयाच्या जागी श्वासनलिकेचा दाह किंवा न्यूमोनिया लिहिला जाई. घरच्यांना जपण्यासाठी डॉक्टरने लिहिलेले खोटे असे ते.

बिग्ज यांनी विरोध झेलला, पण एका ठिकाणी माघार घेतली आणि ती त्या सगळ्या योजनेवरचा डाग आहे. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या रोग्याच्या घरी, डॉक्टरने सांगितल्याशिवाय, खात्याचा माणूस जाणार नाही असे ठरले. ज्याच्यापाशी डॉक्टरची फी द्यायला पैसे आहेत, त्याचे घर सुरक्षित. धर्मादाय दवाखान्यात रांग लावणाऱ्याच्या दारावर मात्र थाप पडणार. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही असे आपण म्हणतो. न्यूयॉर्कचे नियम पाहत होते. तरीही युरोपातल्या कुठल्याही मोठ्या शहराने तोवर एवढी मजल मारली नव्हती. १९०१ मध्ये लंडनच्या क्षय परिषदेत कॉख यांनी न्यूयॉर्कचे नाव घेऊन इतरांनी त्याचा कित्ता गिरवावा असे सांगितले. गंमत म्हणजे त्याच भाषणात, गाईंच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. ते साफ चुकीचे ठरले आणि दूध तापवून विकायला लावण्याची मोहीम वेगळी लढवावी लागली.

पत्ते जमू लागले तसे ते नकाशावर मांडले गेले. कोणत्या घरात, कोणत्या वर्षी, किती रोगी. हे नकाशे पाहणाऱ्याला पहिल्यांदा कळले की क्षय शहरभर सारखा पसरलेला नाही. काही गल्ल्या जवळपास कोऱ्या, तर काही घरांवर खुणांचा खच. एक कुटुंब गेले, दुसरे राहायला आले आणि दोन-तीन वर्षांत तेही खोकू लागले, असे त्याच घरात पुन्हा पुन्हा घडत होते. रक्तातून उतरणारा रोग खोलीला कसा चिकटतो, याचे उत्तर आनुवंशिकतेच्या पुरस्कर्त्यांपाशी नव्हते. १९०० मध्ये चाळींच्या प्रश्नावर भरलेल्या प्रदर्शनात लॉरेन्स व्हेलर यांनी असे काळ्या ठिपक्यांचे नकाशे भिंतीवर लावले, तेव्हा सुशिक्षित न्यूयॉर्ककर आपलेच शहर पाहून हादरले.

त्यातला इमारतींचा एक ठोकळा कुप्रसिद्ध झाला. लोअर ईस्ट साइडला चेरी स्ट्रीटलगतच्या त्या ठोकळ्याला लोक 'लंग ब्लॉक' म्हणू लागले. १९०३ मध्ये अर्नेस्ट पूल या तरुण लेखकाने तिथल्या जिन्यांवरून हिंडून एक पुस्तिका लिहिली. सुमारे चार हजार माणसे त्या एका ठोकळ्यात राहत होती आणि १८९४ पासून तिथून क्षयाच्या २६५ नोंदी झाल्या होत्या. न झालेल्या नोंदीही पुष्कळ असणार, हे उघडच आहे. पूल पुढे कादंबरीकार झाले आणि कादंबरीचे पहिले पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत उपयोगी लिखाण ही पुस्तिकाच होय.

या चाळींची रचना समजून घेतली पाहिजे, कारण रोगाचे मूळ तिथे होते. जमिनीचा तुकडा पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. त्यावर जवळजवळ मागच्या टोकापर्यंत पाच-सहा मजली इमारत, दोन्ही बाजूंना तशीच दुसरी इमारत चिकटलेली. मजल्यावर चार बिऱ्हाडे, प्रत्येकाच्या खोल्या एकामागे एक. उजेड आणि हवा फक्त रस्त्याकडच्या किंवा मागच्या अंगणाकडच्या खोलीला. मधल्या खोल्यांना खिडकीच नसे. १८७९ च्या कायद्यानंतर बांधलेल्या इमारतींत दोन भिंतींमध्ये एक अरुंद पोकळी सोडलेली असे, जेमतेम पाच फुटांची. तिच्यातून हवा यावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात वरच्या मजल्यांवरचा कचरा तिच्यात पडे आणि दुर्गंधी वर चढे. अशा काळोख्या खोलीत पाच-सहाजण झोपत, दिवसा तिथेच कपडे शिवण्याचे काम चाले. मुंबईतल्या जुन्या चाळीत मधल्या खोलीचे भाडे कमी का, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळे सांगायला नको. संपूर्ण शहरात अशा खिडकीविना खोल्या साडेतीन लाखांच्या घरात होत्या.

१९०१ च्या कायद्याने नव्या चाळीतल्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली. जुन्या इमारतींचे काय, हा खरा प्रश्न होता. त्यावर निघालेला तोडगा मोठा चमत्कारिक आहे. मधली भिंत फोडून आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत उघडणारी खिडकी बसवायची, म्हणजे तिकडून थोडी हवा आणि उजेड आत झिरपेल. घरमालक कोर्टात गेले, हरले आणि कुरकुरत भिंतींना भोके पाडू लागले. न्यूयॉर्कला मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ क्रमांकाच्या इमारतीत जरूर डोकवावे. तिथे आता चाळीचे संग्रहालय आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत चौकटीसह बसवलेली काचेची खिडकी पाहून पाहुण्यांना प्रथम काही उमजत नाही. घराच्या पोटात खिडकी कशाला? तर क्षयासाठी.

खिडक्यांइतकाच, किंबहुना जास्तच, जोर थुंकण्यावर होता. वाळलेल्या बेडक्याची धूळ होते, ती उडते आणि श्वासातून आत जाते, असे बिग्ज आणि त्यांच्या पिढीचे ठाम मत होते. १८९६ मध्ये न्यूयॉर्कने सार्वजनिक जागी थुंकणे गुन्हा ठरवले. मोठ्या अमेरिकन शहरांत असा नियम करणारे ते पहिले. ट्रामगाड्यांत पाट्या लागल्या, दंड झाले, लोकांना पकडून न्यायाधीशांपुढे उभे केले गेले. रोग्यांना खिशात बाळगायच्या झाकणाच्या पिकदाण्या आणि आत घालायचे कागदी पुडे मिळाले. पुडा भरला की जाळून टाकायचा. बायकांच्या जमिनीवर लोळणाऱ्या झग्यांवरही टीका झाली, कारण झग्याची किनार रस्त्यावरची घाण घरात आणते. झग्यांची लांबी कमी व्हायला फॅशनइतकाच क्षयाचा धाकही कारणीभूत ठरला.

हे सगळे ज्या समजुतीवर उभे होते, ती बरीचशी चुकीची होती. रस्त्यावर पडलेल्या थुंकीतून क्षय सहसा होत नाही. रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा उडणारे अतिसूक्ष्म थेंब हवेतच वाळतात आणि तासन् तास तरंगत राहतात. तेच फुप्फुसात खोलवर पोचतात. याचा निर्विवाद पुरावा मिळायला १९५० चे दशक उजाडावे लागले. बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या कक्षातली हवा नळ्यांतून वर नेऊन छतावर ठेवलेल्या गिनीपिगांना दिली. रोग्यांचा आणि त्या प्राण्यांचा हवेखेरीज कुठलाच संबंध नव्हता, तरी गिनीपिगांना क्षय झाला. म्हणजे थुंकणाऱ्याला दंड करण्यात शहराने घालवलेल्या शक्तीचा फायदा मर्यादित होता आणि धूळ जावी म्हणून उघडलेली खिडकी खरोखरच काम करत होती, फक्त वेगळ्या कारणाने.

पत्ता हाती आला, पुढे काय? पुढे जिना चढायचा. हे काम परिचारिकांनी केले. लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीटवरच्या संस्थेतल्या परिचारिका १८९० च्या दशकापासून या वस्त्यांत घरोघरी जात होत्या, पुढे आरोग्य खात्यानेही स्वतःच्या नेमल्या. पाच मजले चढायचे, रोग्याला पाहायचे, उतरायचे, शेजारचे पाच पुन्हा चढायचे, यापेक्षा गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर उतरणे त्यांना सोयीचे पडे. लांब झगा सावरत, हातात काळी पिशवी घेऊन गच्चीचा कठडा ओलांडणाऱ्या अशाच एका परिचारिकेचे छायाचित्र अमेरिकेत प्रसिद्ध आहे. घरात गेल्यावर तिने करायच्या गोष्टी साध्या होत्या. रोग्याचे अंथरूण वेगळे करायचे, खिडकीजवळ घ्यायचे, भांडी वेगळी ठेवायला सांगायचे, मुलांना दवाखान्यात पाठवायचे आणि दूध-अंड्यांची सोय लावायची. एकच पलंग असलेल्या घरात अंथरूण वेगळे कुठे करणार? पुष्कळदा उत्तर नसे. मग आगीच्या वेळी उतरायला लावलेल्या लोखंडी जिन्याच्या सज्ज्यावर, नाहीतर गच्चीवर रोग्याला झोपवले जाई.

घरी जाऊन पाहण्याची मूळ कल्पना न्यूयॉर्कची नव्हे, एडिनबरोची. तिथे रॉबर्ट फिलिप या तरुण डॉक्टरने १८८७ मध्ये बँक स्ट्रीटवर तीन खोल्यांत जगातला पहिला क्षय दवाखाना उघडला होता. एक रोगी आला की सगळ्या घराला बोलावून तपासायचे, परिचारिकेने घरी जाऊन किती माणसे एका खोलीत झोपतात, खिडकी उघडते का, हे लिहून आणायचे, ही त्यांची पद्धत. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने आपला पहिला क्षय दवाखाना १९०४ मध्ये काढला आणि काही वर्षांत शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला एक दवाखाना नेमून दिला. रोग्याने आपल्याच विभागात जायचे, म्हणजे तो चार ठिकाणी नाव लिहून चौघांच्या हातून निसटणार नाही.

जागेचा तुटवडा असल्याने काही तोडगे अफलातून निघाले. मोडीत काढायला आलेल्या फेरीबोटी शहराने धक्क्याला बांधून ठेवल्या आणि त्यांच्या डेकवर दिवसभराची आरोग्य शिबिरे भरवली. बेलव्ह्यू रुग्णालयाजवळच्या 'साउथफील्ड' या बोटीवर रोगी सकाळी येत, खुर्च्यांवर घोंगड्या पांघरून नदीच्या वाऱ्यात पडून राहत, दूध पीत, जेवत आणि संध्याकाळी घरी जात. मुलांसाठी तिथेच शाळेचा वर्गही सुरू झाला. १९०८ च्या हिवाळ्यात नैसर्गिक इतिहासाच्या प्रसिद्ध संग्रहालयात क्षयाचे प्रदर्शन भरले, ते पाहायला लाखो लोक लोटले. चांगल्या आणि वाईट खोल्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तिथे शेजारी-शेजारी मांडल्या होत्या.

आता जबरदस्तीबद्दल. सांगून न ऐकणारे, बेघर, दारूच्या आहारी गेलेले रोगी खात्याच्या दृष्टीने धोकादायक होते. त्यांना ईस्ट रिव्हरमधल्या नॉर्थ ब्रदर बेटावरच्या रिव्हरसाइड रुग्णालयात सक्तीने ठेवले जाऊ लागले. टायफॉइड पसरवणारी म्हणून गाजलेल्या मेरी मॅलनला कोंडले होते, तेच हे बेट. तिथे गुन्ह्याचा खटला नव्हता आणि सुटकेची तारीखही नव्हती. बिग्ज यांना त्यात गैर वाटले नाही. शहराच्या जिवापुढे एकाची मोकळीक गौण, असे त्यांचे मत. बेटावर कोणाची रवानगी झाली याची यादी काढली असती, तर तीत बँकर सापडला नसता. श्रीमंत रोगी तेवढ्याच बेफिकिरीने खोकत आपल्या बंगल्यात राहत होते.

एवढे करून साधले काय? अमेरिकेत क्षयाने होणारे मृत्यू १९०० मध्ये दर लाख लोकांमागे १९४ होते, ते १९४० मध्ये ४६ वर आले. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. म्हणजे तीन चतुर्थांश घट औषधाआधीच झाली होती. याचे श्रेय कोणाचे यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ब्रिटनच्या आकडेवारीवरून थॉमस मॅक्कीओन यांनी असे मांडले की लोकांना चांगले खायला मिळू लागले, त्यातूनच हे घडले. दवाखाने आणि कायदे यांचा वाटा थोडाच. मृत्यूंची घट बिग्ज यांच्या आधीपासून सुरू होती, हेही खरे. याउलट, खोकणाऱ्यांना घराबाहेर रुग्णालयात हलवल्याने संसर्गाची साखळी तुटली, असे म्हणणारेही तोलामोलाचे अभ्यासक आहेत.

मला या वादात न्यूयॉर्क राज्यातल्याच एका प्रयोगाची आठवण होते. सॅरनॅक लेक इथे आरोग्यधाम काढणारे एडवर्ड ट्रूडो स्वतः क्षयरोगी होते. त्यांनी १८८० च्या दशकात पंधरा ससे घेतले. पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, दाटीच्या जागी अर्धपोटी ठेवले, चार मेले. पाचांना जंतू न टोचता ओलसर खड्ड्यात ठेवले. ते हडकले, पण जगले. उरलेल्या पाचांना जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडले, भरपूर खायला दिले, चार वाचले. जंतूशिवाय क्षय होत नाही आणि नुसत्या जंतूनेही मरण ठरत नाही, असे हे दोन्ही निष्कर्ष पंधरा सशांतून निघाले. खिडकी, अन्न आणि पत्ता यांतले नेमके कशाने किती जीव वाचवले, हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही. चाळीतल्या माणसाला तिन्ही थोडे थोडे मिळाले.

बिग्ज १९२३ मध्ये वारले. लंग ब्लॉक पाडून तिथे १९३४ मध्ये निकरबॉकर व्हिलेज नावाची नवी वसाहत उभी राहिली. शहराने १९१३ मध्ये स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू हे प्रचंड क्षय रुग्णालय उघडले होते. गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीने नोकरी सोडून जाऊ लागल्या, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय परिचारिकांनी ते चालवले. याच रुग्णालयात १९५१ मध्ये एडवर्ड रोबिट्झेक आणि इर्व्हिंग सेलिकॉफ यांनी अत्यवस्थ रोग्यांवर आयसोनियाझिड आणि त्याच्या भावंड औषधाची चाचणी घेतली. अंथरुणाला खिळलेले रोगी काही आठवड्यांत जेवणाची दुसरी वाढ मागू लागले. १९५२ च्या सुरुवातीला वॉर्डात नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. दहा वर्षांच्या आत एवढे मोठे रुग्णालय बंद करावे लागले, कारण रोगीच उरले नाहीत. आयसोनियाझिड आजही क्षयाच्या नेहमीच्या उपचारात असते.

आपल्याकडे औषधे मुबलक आली, पत्ते मात्र फार उशिरा. महाराष्ट्रात आरोग्यधामे जुनी आहेत. पाचगणीचे बेल-एअर डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केले. पण क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवणे भारतात सक्तीचे झाले ७ मे २०१२ रोजी, न्यूयॉर्कनंतर ११५ वर्षांनी. त्यानंतर 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीत नावे जाऊ लागली. रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, ते २०२४ च्या अखेरीस १००० झाले. इमारतींचे काय? 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा पोचत नाही, आणि क्षयाचे रोगीही तिथेच जास्त, असे त्यात आढळले. न्यूयॉर्कने १९०१ मध्ये बंद केलेली इमारत आपण शंभर वर्षांनी सरकारी मंजुरीने बांधली.

घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. नाव नोंदवायला बिचकू नये, आणि एकाला क्षय निघाला तर त्या घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, तपासून घ्यावे.